डाव्या वळणाचा काठ

ह्यूए, व्हिएतनाम
दि. ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय मोठीमाय,

तुला आणि मोठबाबांना जोसनाचा नमस्कार. मी बरी आहे. आमच्या गटातल्या आठही जणी बऱ्या आहेत. फोनवर तू "हो, बरं, ठेव" एवढंच बोलतेस, म्हणून पत्र लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. मोठबाबांचा चष्मा मागून घे आणि सावकाश वाच. तूच मला अंगणात बांबूच्या हिरव्या कामट्या वाकवून क, ख शिकवलेस. शाळेत जायच्या आधी मला सगळी अक्षरं येत होती, फक्त 'ळ' येत नव्हता, कारण ती कामटी वाकवताना दरवेळी मोडायची. आठवतं का?

हे ह्यूए म्हणजे इथल्या जुन्या राजांचं गाव. राजवाड्याभोवती भिंत आहे, चंद्रपूरच्या परकोटासारखी, आणि भिंतीबाहेर पाण्याचा खंदक. आत एवढी मोकळी जागा आहे की केंद्राच्या ललिता मॅडमनी आम्हाला चार वेळा मोजलं. मी स्वतःही मोजत होते. गुणाबाई म्हणाल्या, "अवो, आपुन का बकऱ्या हावो का, सारख्या मोजून राह्यल्या?" गुणाबाई वडशाकडच्या. आमची खोली एकच आहे. तुझ्याच वयाच्या असतील. घरून तिखटाची पुडी आणली आहे, ती प्रत्येक ताटावर झटकतात आणि म्हणतात, "भात तं आपल्यावानीच हाय, पर यायले वरणच मालूम नाई."

दुपारी टोपी करणाऱ्या बायकांकडे नेलं. बांबूच्या बारीक सोळा कड्या, एकीखाली एक मोठ्या होत गेलेल्या, आणि वरून वाळलेली पानं शिवलेली. कडी जुळवताना एका बाईनं कामटी ओठांनी ओली केली, अगदी तू करतेस तशी. मला तिथं जास्त वेळ उभं राहवलं नाही.

केंद्रात निवडलेली परडी माझ्या हातातल्या पिशवीत आहे, तुझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. विमानात मांडीवरच ठेवली होती. जिथं जाऊ तिथं ती दाखवावी लागते. लोक फोटो काढतात. बाकी विशेष काही नाही.

एक विचारायचं होतं. कामट्या काढायची तुझी सुरी अजून आढ्यातच खोचलेली आहे का? काढ ना. नुसती गंजून जाईल.

परवा होई आनला जाणार, मग डोंगरात. तब्येतीला जप.

तुझी,
जोसना

ता. क. तू ऑक्टोबरात म्हणालीस ना, "माहा हात आता राह्यला नाई," ते खरं नाही. का नाही, ते पुढच्या पत्रात लिहीन.


कोन तूम, व्हिएतनाम
दि. १८ फेब्रुवारी २०२५

प्रिय मोठीमाय,

नमस्कार. पुढच्या पत्रात लिहीन असं म्हटलं होतं. होई आनमध्ये तीन दिवस होते, तिथं दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा फाडलं. आधी तिथलंच सांगते.

होई आन हे नदीकाठचं जुनं व्यापाऱ्यांचं गाव. पिवळ्या भिंतींची घरं, दारोदारी बांबूचे कंदील. पण मला आवडल्या त्या नावा. बांबूची मोठी गोल टोपली विणतात आणि बाहेरून शेण आणि झाडाचा डिंक लिंपतात, मग ती पाण्यात सोडतात! आपण धान्याच्या ढोलीला शेणमाती लिंपतो तशीच. मोठबाबांना सांग. सांगशील तर ते म्हणतील, ढोलीत बसून वैनगंगा ओलांडू. गुणाबाई बसल्या एका नावेत. नाववाल्यानं गरगर फिरवली तेव्हा त्यांनी काठाला घट्ट धरून त्याला आपल्या बोलीत जे काही ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

आता इकडचं. कोन तूम हे डोंगरातलं गाव. इथं बाना लोक राहतात. वस्तीच्या मधोमध एक मोठं घर असतं, आपल्याकडच्या गोटुलासारखं, पण छप्पर सागाच्या झाडाएवढं उंच आणि कुऱ्हाडीच्या पात्यासारखं उभं. मोहाची झाडं दिसत नाहीत, बाकी सगळं पोंभुर्ण्याच्या पलीकडचंच वाटतं. यांच्यात टोपल्या पुरुष विणतात आणि बायका कापड. काल त्या मोठ्या घराच्या पायऱ्यांशी आम्हाला बसवलं आणि त्यांच्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या पाठीवरच्या टोपल्या दाखवल्या, आम्ही आमच्या वस्तू.

मोठीमाय, इथून पुढचं एकटीनं वाच.

एका म्हाताऱ्या आजोबांनी परडी हातात घेतली. झाकण काढलं, पालथी केली, मग काठावरून अंगठा फिरवला. एकदा फिरवला, मग उलटा फिरवला. आणि एकदम हसले. दात नव्हते, पण सगळं तोंड हसलं. त्यांनी आपला डावा हात वर केला आणि आमच्याकडे एकेकीकडे पाहू लागले. आमच्यासोबत हिंदी येणारी हान नावाची दुभाषी मुलगी आहे. ती म्हणाली, "आजोबा विचारतात, तुमच्यात डावखुरी कोण? हा काठ डाव्या हाताचा आहे."

मग त्यांनी आपली टोपली पुढं केली. तिचाही काठ तसाच, उलट्या वळणाचा. ते स्वतः डावरे. सगळ्या वस्तीत एकटेच. लहानपणी बापानं त्यांचा डावा हात बांधून ठेवला होता, म्हणाले.

हाननं मला पुढं केलं. "हिनं केली," म्हणाली. तिच्या यादीत माझंच नाव होतं.

त्यांनी मला त्यांच्याजवळ चटईवर बसवलं, बायकोला हाक मारून तांदळाच्या दारूचा घडा मागवला, आणि एक अर्धवट टोपली माझ्या मांडीवर ठेवली, काठ बांध म्हणून. आणि मी काय केलं सांगू? मी कामटी डाव्या हातात धरली.

ती दोन वेढ्यांतच निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. आमच्यातल्या एकदोघी हसल्या, त्यांना वाटलं मी लाजते आहे. आजोबा हसले नाहीत. त्यांनी माझा उजवा हात घेतला, अंगठ्याचा घट्टा चाचपला. मग डावा घेतला. तो तर मऊच. त्यांनी तो हळूच माझ्या गुडघ्यावर परत ठेवला. हानला काहीतरी विचारलं. हान म्हणाली, "ते विचारतात, जिनं केली ती आली नाही का?"

मी म्हटलं, "नाही. ती माझी मोठीमाय. रंभाबाई. तिला मी येऊ दिलं नाही."

हे वाक्य मी पहिल्यांदा परक्या देशात, परक्या माणसाला सांगितलं. तुला सांगायचं होतं ते आधी.

आता तुला सगळं सांगते. ऑक्टोबरात निवडीच्या दिवशी तुला ताप होता, म्हणून दोघींच्या परड्या मी एकाच पोत्यात घालून पोंभुर्ण्याला केंद्रात नेल्या. प्रत्येकीला नावाची चिठ्ठी तूच दोऱ्यानं बांधली होतीस. या दौऱ्यासाठी एका घरातून एकच बाई निवडणार, आणि जी निवडली जाईल तिलाच पुढं केंद्रात शिकवायला ठेवणार, हे दोघींना माहीत होतं. तू म्हणाली होतीस, "कोनाचीही लागो, घरातच येनार हाय." जीपमध्ये पोत्यावर कोणीतरी पाय दिला आणि माझ्या परडीचा काठ उसवला. तुझीला काही झालं नाही. तुझ्या काठाला काही होत नाहीच.

चिठ्ठ्या सुटल्या होत्या असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. सुटल्या नव्हत्या. मी सोडल्या. केंद्राच्या मागच्या नळाजवळ उभी राहून मी माझ्या नावाची चिठ्ठी तुझ्या परडीला बांधली आणि तुझ्या नावाची माझ्या उसवलेल्या परडीला. तपासणाऱ्या बाईंनी कागदावर लिहिलं, "रंभाबाई: काठ कच्चा." दोन्ही परड्या केंद्रातच ठेवून घेतल्या. घरी येऊन मी तुला तेच शब्द सांगितले. खोटं बोलत नाही, कागदावर आहे तेच सांगते, असं मनाशी म्हणत सांगितले. मी अशी आहे, मोठीमाय. देवळात चप्पल अदलाबदल झाली तर घरून परत जाणारी मी, आणि हे केलं.

तू भात उतरवलास. सुरी पदरानं पुसलीस आणि आढ्यात खोचलीस. मग म्हणालीस, "आता काठ तूच बांधत जाय, जोसना. माहा हात आता राह्यला नाई." मोठबाबा म्हणाले, "अवो, एका परडीवरून का होते?" तू म्हणालीस, "माह्या नजरेतून सुटलं तं सुटलंच ना जी."

चार महिने तू कामटीला हात लावला नाहीस. पासपोर्टासाठी काढलेला तुझा फोटो देवाच्या तसबिरीमागे आहे, ते मी पाहिलं आहे. निघायच्या दिवशी तू मला विचारलंस, "तिकडं बांबू कसा असते, पोकळ का भरीव?" आणि मी "पाहून सांगते" म्हणून बॅग बंद केली.

आपल्या घरात वस्तू एकाची नसते, कोणी कामट्या काढतं, कोणी बूड विणतं, काठ घरातल्या मोठ्या माणसानं बांधायचा, म्हणून परडी घराचीच, असंही मी मनाला समजावलं. पण त्या परडीला माझा हात नव्हता. बूडही तुझं, झाकणही तुझं.

गुणाबाईंना वाटेत गाडीत विचारलं, तुम्हाला धक्का बसला का. त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "मले तं पोंभुर्ण्यातच समजलं होतं, बाई. काठ डावा, अन् तू सही उजव्या हातानं केली ना."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"तू सांगशीन म्हनून."

ललिता मॅडमना मी कालच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "परत गेल्यावर निवड समितीपुढे हेच सांगशील?" मी हो म्हटलं. शिकवायची नोकरी आता मला मिळणार नाही. ती तुला देतील का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं तर सौदा केल्यासारखं झालं असतं.

आणखी एक. आम्ही निघताना आजोबा घरातून एक सुरी घेऊन आले. छोटी, लाकडी मुठीची. मला वाटलं साधीच आहे. त्यांनी पातं उन्हात धरून दाखवलं. धार दुसऱ्या बाजूनं लावलेली आहे, मोठीमाय. डाव्या हातासाठी. आपल्या सुरीची धार उजव्या हाताची, म्हणून कामटी काढताना ती तुझ्याकडे वळते, म्हणून तुझ्या अंगठ्यावर ते सगळे वण आहेत. चाळीस वर्षं तू उलट्या धारेच्या सुरीनं काम केलंस आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. उलट आजा म्हणायचा, "लगनाचं सूप डावरीले देऊ नोका, उलटं वळते." इथं हजारो कोसांवर एका माणसानं नुसता काठ चाचपला आणि तुझ्यासाठी घडा मागवला. त्या चटईवर तू बसायला हवी होतीस. तुम्हा दोघांना दुभाषी लागली नसती.

सुरी त्यांनी माझ्या हातात दिली नाही. तुला पोचवायला गुणाबाईंच्या हातात दिली. मी ते बरोबरच समजते.

बांबू इथला पोकळ आहे, पण पेर लांब, आपल्या बांबूच्या दीडपट. तुला आवडला असता.

मी २२ तारखेला घरी पोचेन. हे पत्र उद्या दानांगच्या पोस्टात टाकणार, ते पोचायला तीन आठवडे लागतील म्हणतात. बरोबर आणलं असतं तर पिशवीतून कधीच बाहेर निघालं नसतं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. दारात आले की "भात झाला का" विचारेन, आणि दिवस जातील. आता हे माझ्यामागून येतं आहे. ते दारात यायच्या आत मला तुझ्यासमोर बसून तोंडानं सांगावं लागेल. सांगितलं असेल, तर हे चुलीत घाल. सांगितलं नसेल आणि हे तुझ्या हातात पडलं असेल, तर मला काठ बांधायला पुन्हा कधी बसवू नकोस.

पण आढ्यातली सुरी मात्र काढ. ती माझ्या खोट्यावरून वर गेली होती, तुझ्या हातावरून नाही.

तुझ्या परडीला आपलं नाव बांधणारी,
जोसना