अम्मीच्या मशीनची बॅटरी

अब्बा, गेल्या आठवड्यात अम्मीच्या कानाच्या मशीनला मी बाहेरून बॅटरी जोडली. खिशात ठेवायचं ते जुनं मशीन. आतला सेल पाझरला आणि त्यानं स्प्रिंगच खाऊन टाकली. दुकानदार म्हणाला, हे मॉडेल आता येत नाही, कानामागचं नवीन घ्या. पण ते शिट्टी मारतं म्हणून अम्मी त्याला हात लावत नाही. आणि शुक्रवारी माझ्या लेकीचा निकाह! नातीचं 'कबूल है' स्वतःच्या कानांनी ऐकायचं, एवढा एकच हट्ट धरून बसली होती म्हातारी. मग काय, तुमचा मीटर काढला. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, पण त्याचा काटा अजून हलतो.

साबणाच्या डबीत टॉर्चचा मोठा सेल बसवला, दोन वायरी कथलाचा डाग देऊन मशीनच्या आतल्या पट्ट्यांना जोडल्या. मोठा सेल म्हणजे जोर तेवढाच, दम जास्त, हे तुम्हीच शिकवलेलं. प्लसच्या वायरीला गाठ मारली. आता लाल-काळी वायर कुठंही मिळते, तरी मारली. तुमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात भंगारातली वायर यायची, सगळी एकाच रंगाची. तिथं गाठ म्हणजे प्लस, हा कायदा.

आणि तो कायदा मोडणारी मीच की! बारा वर्षांची होते. माळशिरसकडच्या एका मेंढपाळाच्या तळहाताएवढ्या रेडिओसाठी तुम्ही मोठ्या सेलचा डबा करून ठेवला होता, फक्त जोडायचा बाकी. तुम्ही नमाजला गेलात आणि मला ती गाठ ओंगळ दिसली. सोडली, वायरी सरळ केल्या, नीटनेटक्या जोडल्या. उलट्या. बारीकसा धूर आला आणि रेडिओ गेला.

तुम्ही आलात, वास घेतलात. "कायकू खोली गे गाँठ?" एवढंच. तेवढ्यात तो मेंढपाळ दारात. "मिस्त्री, औंदा लई लांब जायाचं हाय. रानात ह्योच बोलतो की माज्यासंगं." तुम्ही म्हणालात, "हात माझा चुकला," आणि घरात जाऊन फळीवरचा अम्मीचा रेडिओ काढून त्याला दिलात. अम्मी भाकरी थापत होती. तिलाही तेच सांगितलंत. ती आठवडाभर तुमच्याशी बोलली नाही, तुम्ही गुमान जेवत होतात. मला मात्र दुसऱ्याच दिवशी शेजारी बसवून वायर सोलायला शिकवलंत. दुसरा कुणी असता तर दुकानाची पायरी चढू दिली नसती. तुमचे लई उपकार, अब्बा.

शुक्रवारी नवरीची कबुली विचारायला वकील-गवाह आत आले, लेक हळूच बोलली, आणि अम्मीनं माझा दंड असा आवळला! डोळे भरून हसली. मग गळ्यातल्या पिशवीत हात घालून मशीनचं बटण बंद केलं. "बस्स. सुनना था सो सुनी."

बायका जेवायला उठल्यावर मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. गाठ मी सोडली, तुझा रेडिओ माझ्यामुळं गेला, अब्बांनी उगाच तुझा अबोला सोसला. ती माझा हात थोपटत, सगळ्यांपुढं डोलावते तशी मान डोलावत राहिली. मशीन बंद आहे हे मला ठाऊक होतं, अब्बा. म्हणूनच बोलले.