कुऱ्हाड कोंद्रातीला

नवोलोक, २७ नोव्हेंबर

मार्चपासून मी या गावात जवळजवळ बोललेलेच नाही. दुकानात बोट दाखवून पीठ घेतलं, कोणी हाक मारली तर मान हलवली. या इतक्या लांबलेल्या अबोल्याबद्दल मी गावाची आधी क्षमा मागते. कोंद्रातीची मागत नाही.

मी, तैसिया लव्रेंत्येव्ना वोख्मीना, वय सेहेचाळीस, भूगोलाची पदवीधर, पूर्वी इथल्या शाळेत शिक्षिका, प्रोखोर वोख्मीन यांची विधवा, राहणार नवोलोक, जिल्हा वेर्खोलूझ्मा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. ‘पूर्ण शुद्धीत’ हे लिहिलं खरं. मनात इतका राग असलेला माणूस पूर्ण शुद्धीत असतो का, हे मला ठाऊक नाही. कायद्याला तेवढी शुद्ध पुरते, असं दिसतं.

पोटातली गाठ काढायला उद्या मला जिल्ह्याच्या गावी नेणार आहेत. घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर फोनवर म्हणाले. माझ्या आणि त्यांच्या मध्ये जे जंगल आहे, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. नदी आता कुठे गोठली आहे आणि गावात चालू असलेली बर्फगाडी एकच आहे. ती कोंद्रातीची, म्हणजे माझ्या धाकट्या दिराची.

एक. राहतं घर, भट्टी, तळघरातले बटाटे आणि खारवलेल्या अळंब्यांचं पिंप शेजारच्या फेव्रोन्या आजीला. तिचं छप्पर गळतं. तिला हे सांगितलं तर म्हणाली, “मला कशाला गं घर? माझा नंबर तुझ्या आधीचा.”

“छप्पर गळतंय, आजी.”

“गळू दे. त्यापेक्षा सही करू दे मला. जन्मात कधी सरकारी कागदावर सही केली नाही.”

रिम्मा, आमची ग्रामप्रमुख, शेजारी बसली होती. नोटरी इथवर येत नाही, म्हणून शिक्का तिचाच चालतो. ती म्हणाली, “ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही, आजी.”

“मग घर नको. सही दे!”

घर आजीलाच. तिच्यामागे, जो कोणी या गावात हिवाळा काढायला तयार असेल त्याला. उन्हाळ्यात बेरी खुडायला येणाऱ्यांना नाही.

दोन. शाळेतला जिल्ह्याचा मोठा नकाशा, जो शाळेला कुलूप लागलं तेव्हा मी घरी आणला, तो जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीला. ‘पुरेशी मुलं नाहीत’ असं तिथून कळवण्यात आलं होतं. नकाशावर नदीकाठी जी गावं आहेत त्यातली बरीच मी पेन्सिलीने खोडली आहेत. एकेका गावाचं शेवटचं दार बंद झालं की खोडत गेले. कचेरीत भिंत मोठी आहे, असं ऐकते. नकाशा तिथे लावावा. लावणार नाहीत, हेही मला माहीत आहे, पण द्यायचा त्यांनाच आहे.

तीन. बँकेत जे असेल त्यातून मला प्रोखोरशेजारी पुरावं, टेकाडावर. खालच्या अंगाला वसंतात पाणी चढतं. उरेल ते आजीच्या सरपणाला.

चार. हे कलम मी तीनदा लिहून फाडलं आहे.

नदीपलीकडे, जिल्ह्याच्या वाटेवर, माझ्या सासऱ्यांनी बांधलेली शिकारीची झोपडी आहे. अशा झोपडीला कुलूप नसतं. नियम मात्र असतो. निघताना चुलीत कोरडं सरपण रचायचं, खाली चटकन पेटणारी बर्च झाडाची साल घालायची, वर काडेपेटी ठेवायची आणि तिच्यातल्या काही काड्या अर्ध्या बाहेर ओढून ठेवायच्या. गोठलेल्या बोटांना त्या धरता याव्यात म्हणून. इथली पोरं हे पाढ्यांच्या आधी शिकतात.

मार्चमध्ये प्रोखोर सापळे बघून परतताना ओढ्याचा बर्फ फुटला. घसरगाडी आणि सोबतची कुऱ्हाड पाण्यात गेली. तो ओलाचिंब झोपडीपर्यंत पोचला. चुलीत राख होती. बाहेर उभी, ओली झाडं. टेबलाच्या पायावर त्याच्या चाकूचे ओरखडे मी पाहिले आहेत. खोल गेलेला एकही नव्हता.

पंचनाम्यात ‘अपघात’ लिहिलं आहे. ते खोटं नाही. मी त्याला दुसरं नाव देण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, पण तेही खरं ठरेना.

काल कोंद्राती दारात आला. टोपी हातात. आत ये म्हटलं नाही, तो आला नाही.

“परवा उजाडलं की निघू, वहिनी. अंगावर जाड घाला.”

मी मान हलवली. तो गेला नाही.

“आणि ते झोपडीचं... लिहीतच आहात, तर माझ्या नावावर लिहा. बापाने बांधलेली आहे.”

तेव्हा मार्चनंतर मी त्याच्याशी पहिल्यांदा बोलले. “सरपण कोणी जाळलं?”

“गाडी बंद पडली होती माझी. थंडी अशी की विचारू नका. सगळं जाळलं. सकाळी वारं पडलं, म्हटलं आधी घर गाठू, मग येऊन तोडून ठेवू.”

“आलास?”

“त्या दिवसांत कोण येणार होतं तिकडे, वहिनी?”

“तुझा भाऊ.”

तर प्रोखोरची घरची कुऱ्हाड, बर्चच्या दांड्याची, धार लावून ठेवलेली, कोंद्रातीला. तिचं काय करायचं ते त्याने स्वतः ठरवावं.

झोपडी त्याला नाही. रिम्मा म्हणते, ती सरकारी जंगलात आहे, कागदोपत्री माझी नाही, मला ती देताच येत नाही. मग निदान माझी इच्छा नोंदवते: झोपडी गारठून येणाऱ्या कोणाचीही, ~~कोंद्राती सोडून~~.

मी हे मोठ्याने वाचलं तेव्हा आजी म्हणाली, “दार काय नाव विचारून उघडतं का गं? मास्तरीण ना तू?”

मी ते दोन शब्द खोडले. मनातून खोडले गेलेले नाहीत. कायदा मनातलं विचारत नाही, हे बरं.

पाच. टपालवाला सेव्हेर्यान आणि त्याची बायको अनिसिया यांना मी काहीही ठेवत नाही, कारण साक्षीला कोणीतरी उरायला हवं. सेव्हेर्यान म्हणाला, “निदान अळंब्यांचं पिंप तरी?” नाही.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिलं, वाचलं आणि दोन शब्दांखेरीज त्यात काही खोडलेलं नाही.

तैसिया वोख्मीना (सही)

साक्षीदार: सेव्हेर्यान पोत्सेलूयेव (सही), अनिसिया पोत्सेलूयेवा (सही)

समक्ष: रिम्मा साव्वात्येव्ना झूयेवा, ग्रामप्रमुख, नवोलोक (सही व शिक्का)

उद्याचं काम: कोंद्रातीच्या गाडीवर माझ्या पिशवीच्या आधी झोपडीसाठी कोरडं सरपण बांधून घेणे.