मैनेच्या ऑपरेशनाबाबत

केशोरी, दि. १ ऑगस्ट २००९

तीर्थस्वरूप बकारामभाऊजी यांच्या चरणी धाकटा साळा खेमराज याचा नमस्कार. ताईचे गुडघे आणि तुमचा दमा आटोक्यात असेल असं धरून चालतो. नसला तरी आधी माझं ऐकून घ्या. फोनच केला असता, पण आमच्याकडे मोबाईलला रेंज फक्त ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मिळते, आणि तिथे उभं राहून उंदराच्या ऑपरेशनाबद्दल बोलायची माझी हिंमत होत नाही.

होय, उंदराच्याच. आमचा मोहित नागपूरला औषधांच्या कॉलेजात होता तेव्हा प्रयोगशाळेतून शर्टाच्या खिशात घालून जिला पळवून आणलं, तीच ही पांढरी, लाल डोळ्यांची (त्यानंच सांभाळली असती, पण त्याला हैदराबादला नोकरी लागली, पोरांना नोकऱ्या लागतात आणि त्यांचे उंदीर आपल्याकडे राहतात). मैना हे नाव मोहितच्या आईनं ठेवलं. तिला जन्मभर मैना पाळायची होती. मी पिंजरा आणून दिला, पक्षी आणायचं राहूनच गेलं. तिला जाऊन आता वर्ष झालं. तेव्हापासून घरात बोलायला मी आणि ऐकायला मैना, असं चाललं आहे.

आता मैनेच्या पुढच्या पायाखाली गाठ आली आहे. आधी वाटाण्याएवढी होती, आता लिंबाएवढी झाली, आणि मैना स्वतः काही फार मोठी नाही. चालताना ती गाठ ओढत नेते. मला बघवत नाही. इथल्या जनावरांच्या दवाखान्यात डब्यात घालून घेऊन गेलो. तुम्हाला ठाऊकच आहे, कोणाच्या धानाच्या बांधीत बीळ दिसलं की विष टाकायला गेली वीस वर्षं मलाच बोलावतात. त्यामुळे कंपाउंडर बिसरामनं डब्यात डोकावून विचारलं, "काऊन काका, आज एकच मारला काय?" मी म्हटलं, जिवंत आहे, इलाज पाहिजे. त्यानंतर तो मैनेला सोडून मलाच तपासल्यासारखं बघत राहिला.

शेवटी कोहमाऱ्याहून बस धरून नागपूर गाठलं. मैना जेवणाच्या डब्यात, झाकणाला भोकं पाडून (शेजारची बाई म्हणाली, भाऊ, तुमचा डबा हालून राहिला, मी म्हटलं, बाई, गाडीच हालून राहिली). तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र हसू येऊ दिलं नाही. त्या म्हणाल्या, नाही कापलं तर दोनेक महिने, आणि तेही हालाचे. कापलं तर बरी होईल किंवा भुलीतून उठणारच नाही, वय झालं आहे. मग सहीसाठी एक कागद पुढे केला. भाऊजी, असाच कागद गेल्या वर्षीही माझ्यापुढे आला होता. तेव्हा डॉक्टर म्हणाले सही करा, मी न वाचता केली, आणि मोहितची आई आतून परत आली नाही. या वेळी कागद तीनदा वाचला आणि सही न करताच घरी आलो.

मग जमुनाबाईला बोलावलं. गावात कोणाच्या आजारपणात ठरेनासं झालं की ती दाणे पाहते, म्हणजे चिमूटभर तांदूळ आजाऱ्यावरून उतरवून त्याच्यासमोर पाटावर ठेवते, डोळे मिटून देवाचं नाव घेते आणि मग जोड्या मोजते. एक दाणा उरला तर कापायचं, नाही उरला तर राहू द्यायचं, असं ठरलं. आजारी उंदीर आहे हे तिलाही माहीत आणि मलाही, पण तांदूळ ठेवताना दोघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. आम्ही दोघांनी डोळे उघडले तेव्हा पाट रिकामा होता आणि मैना मिशा साफ करत होती. जमुनाबाई म्हणाली, "आता मी काय मोजू बापा, हिचं पोट?" आणि चहा न घेता निघून गेली. गेले आठ दिवस मैनेनं धड काही खाल्लं नव्हतं. मला रडू आलं, हे फक्त तुम्हाला सांगतो.

तेव्हा कापायचं की नाही हे तुम्हीच ठरवून उलट टपाली कळवा. तुम्ही जनावरांच्या दवाखान्यातल्या नोकरीत चाळीस वर्षं जनावरं धरली (एका रेड्यानं तुम्हाला बोडीच्या पाण्यात फेकलं, ते सोडून देऊ). कापायचं ठरलं, तर मैनेला धरायला या. ती परक्या हाताला चावते आणि तुमचा हात सराईत आहे.

आपला,
खेमराज

ता. क. पत्र टाकायला निघालो, वाटेत ग्रामपंचायतीचा ओटा लागला, आणि डॉक्टरीणबाईंना फोन करून 'कापा' असं सांगून टाकलं. सोमवारी, १० तारखेला, अकरा वाजता बोलावलं आहे. अर्ध्या गावानं ऐकलं. कोणीच हसलं नाही, त्यामुळे मला जास्तच भीती वाटते आहे.

ता. क. दुसरा. धरायला त्यांच्याकडे माणूस आहे म्हणे. तुम्हाला काही करायचं नाही. मी बाहेर बाकावर असेन, शेजारी बसायचं, एवढंच. मोहितच्या आईच्या वेळी मीच तुम्हाला 'साधं ऑपरेशन आहे, धानाची रोवणी सोडून येऊ नका' असं कळवलं होतं, आणि तुम्ही माझं ऐकलंत. त्या बाकावर मी एकटाच होतो. या वेळी रोवणी अर्धी राहिली तरी या.