पट्टीनं न सांगितलेला रविवार

सांगली, गुरुवार, तिन्हीसांजेला

आज तिसऱ्या सकाळीही अंथरुणातून उठण्याआधी घेतलेलं तापमान चढलेलंच. ताप नाही, सर्दी नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "तुम्हाला पीसीओडी आहे, बीज सुटायची वेळ सांगणाऱ्या त्या लघवीच्या पट्टीवर विसंबू नका, ती रोजच होकार देईल. बीज सुटलं की अंग किंचित गरम होतं आणि तसंच राहतं." म्हणजे सुटून गेल्यावर कळणार! रिकाम्या खुर्चीत बसावं आणि ती उबदार लागावी, तसं झालं. कोण बसून गेलं?

पट्टी तर खोटारडीच. रोज दुसरी रेघ गडद, आणि रोज मी इस्लामपूरच्या साखर कारखान्यात फोन करून नवऱ्याला बोलवायची. शेवटी तो वैतागला. "अगं, त्या पट्टीचा रोजच मुहूर्त हाय व्हय? हितं गाळप सुरू हाय!" मी सगळ्या पट्ट्या कचऱ्यात टाकल्या.

रविवारी तो आपणहून आला. कितीतरी दिवसांनी आम्ही नुसते नवराबायको होतो. तापमान चढलं मंगळवारी, म्हणजे बीज सुटलं ते रविवार-सोमवारीच. पण तो नेमका रविवारीच का आला? ती उबदार खुर्ची काही डोक्यातून जात नाही.

मघाशी फोनवर त्याला चढलेल्या तापमानाचं सांगितलं. तो हळूच म्हणाला, "मग... हाय का कोण?"

"आत्ताच कसं कळेल? थांबायचं."

चाळिशी उलटलेली, गल्लीत तोंडाळ म्हणून नाव कमावलेली मी. फोन ठेवल्यापासून भांडीसुद्धा आवाज न करता ठेवतेय. घरात तर मी एकटीच आहे.