हारूनच्या कार्डावरची सही

जेद्दा, बुधवार, १४ जून २००६

आज हारून आला. मागच्या गल्लीतल्या आफ्रिकी पोरांच्या हाताला काम यावं म्हणून शहराच्या केंद्राने एकेकाला एक वडीलधारा नेमून दिलाय. हारूनला आमचे हे मिळाले. दर बुधवारी दोघे वायरिंगचं इंग्रजी पुस्तक वाचत, मग हे त्याच्या केंद्राच्या कार्डावर सही करत. हे गेले, त्यानंतरचा हा तिसरा बुधवार.

माझी इद्दत चालू आहे, नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस परपुरुषासमोर जायचं नाही. पण हा परपुरुष? अजून मिसरूडही फुटलं नाही. दाराआडूनच बोलले.

"खाला, आजही कार्डावर सही नसेल तर केंद्रातून नाव काढून टाकतील."

"दुसरं कुणी देतील की."

"काळ्या पोराला कोण घेतं? चाचांनी घेतलं."

रिझवान मागून कुजबुजला, "अम्मी, खलास म्हण. लोक काय म्हणतील?"

"मग तू शिकव."

"मला वेळ कुठाय?"

मिसरूड न फुटलेल्या पोरावरून बोलायला लोकांना वेळ आहे, त्याला शिकवायला माझ्या लेकाला नाही.

हारूनला जिन्यातच बसून मोठ्याने वाचायला लावलं. अडला तिथे आतून शब्द सांगितला. यांचं ऐकून ऐकून, मग एकटीने पुस्तक उघडून मी ते शिकले होते. पान संपलं. दाराच्या फटीतून कार्ड घेतलं.

इथे आल्यापासून माझ्या सगळ्या कागदांवर यांच्या सह्या. आज यांच्या जागी माझी. बाईची सही केंद्रात चालेल का? शनिवारी कळेल. फार थकले. नाही चालली, तरी बुधवारी ये म्हणून सांगितलंय.