माझं स्टेटस साहेबांपर्यंत कसं गेलं?

मंगळवार, संध्याकाळी घरी आल्यावर

साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावून स्वतःच्या मोबाईलवर माझंच स्टेटस दाखवलं, सरकारविरुद्ध लिहिलेलं. "मॅडम, कंपनी कुणाच्याच बाजूची नसते. काढा ते." मागं भिंतीवर मंत्र्यांसोबतचा त्यांचाच फोटो! तरी मी गुमान काढलं. नोकरी आहे.

पण त्यांना ते दिसलं कसं? मी ते फक्त तिघींना दिसेल असं ठेवलं होतं. तिघींनाच. दोघी माझ्या बहिणी, कन्नडला असतात. तिसरी सुनीता, माझ्याच विभागातली. छे, ती कशाला करेल असं? माझ्या आजारपणात रोज डबा आणून द्यायची.

बिडकीनहून परतताना कंपनीच्या बसमध्ये ती हळूच म्हणली, "मिटलं ना गं सगळं?"

मी "व्हय" म्हणले. मग लक्षात आलं, मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.