किरणचा मान

३ नोव्हेंबर, सोमवार
नवी नोकरी, तीही पवईत, आणि खिडकीतून चक्क तलाव दिसतो! आमची प्रयोगशाळा घातक जंतू पकडणाऱ्या पट्ट्या बनवते. पट्टीवर सोन्याचे, डोळ्यांना न दिसणारे कण बसवलेले असतात. ती मोबाइलला जोडून वर थेंब टाकायचा. जंतू असला तर तो कणांना चिकटतो, विजेचा प्रवाह बदलतो आणि मोबाइलवरची रेघ ताडकन वर जाते. नसला तर रेघ सपाट. जुन्या पद्धतीत जंतू बशीत वाढवून बघायला दोन-तीन दिवस जातात, आमचं काम अर्ध्या तासात. घरी मुलुंडला आईला हे सांगितलं, तर म्हणाली, आधी माझ्या गुडघ्याचे टाके कधी सुकणार ते सांग. ऑपरेशन होऊन आठवडाच झालाय. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे सगळी कुरकुर माझ्याच वाट्याला.

६ नोव्हेंबर
आज हसू आवरेना. आमचे मधुकर सर पक्के मालवणी. नव्या पट्ट्यांचं खोकं फोडलं की पहिली पट्टी कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलावर ठेवतात, वर पाण्याचा थेंब सोडतात आणि गाऱ्हाणं घालतात: "बा किरणा, तुझो मान तुका दिलो, सगळ्यांची राखण कर रे म्हाराजा!" बाकीचे मागून "व्हय म्हाराजा!" शेजारच्या टेबलावरच्या प्रांजलने कारण सांगितलं तेव्हा मात्र हसू पळालं. किरण इथेच काम करायचा. नमुना हाताळताना त्याला सुई टोचली, जंतू रक्तात भिनला, आणि रिपोर्ट यायच्या आत तो गेला. आमच्या पट्ट्या नेमका तोच जंतू ओळखतात, त्याच्या रक्तातून काढलेला.

१० नोव्हेंबर
सर गावी गेलेत, म्हणून खोकं मी फोडलं. गाऱ्हाणं कसलं घालतेय! नैवेद्य तरी शेवटी आपणच खातो ना? पहिली पट्टी पर्समध्ये टाकली. आईच्या टाक्यांतून जरा पाणी येत होतं, त्याचा थेंब लावला.
रेघ वर गेली. घाबरून लगेच डॉक्टरांकडे नमुना दिला.

१३ नोव्हेंबर
डॉक्टरांच्या बशीत काहीच वाढलं नाही. जखम स्वच्छ आहे म्हणाले. मग आईला एवढा ताप का?
त्याच खोक्यातल्या आणखी पट्ट्या घरी आणून उकळून गार केलेलं पाणी तपासलं. रेघ वर. देव्हाऱ्यातलं तीर्थ. वर. शेवटी कोरडीच पट्टी लावली, तरी—
आई म्हणाली, पायाशी बसलेल्या मुलाला चहा विचार. घरात कुणी मुलगा नाही.

१४ नोव्हेंबर
आईला औषध लागू पडत नाही. मला फार भीती वाटतेय. सरांना फोन करून सगळं कबूल केलं.  ते म्हणाले, तू त्याचा मान तुझ्या आईच्या अंगावर ठेवलास. आता तो काढून घेता येत नाही. दुसऱ्या कुणी आपणहून घेतला तर—
आणि फोन ठेवला.

१५ नोव्हेंबर
बोटाला सुई टोचली. पट्टीवर माझं रक्त. आईच्या पायाशी बसून गाऱ्हाणं घातलं. आईला सोड. मला—
मागून कुणीतरी "व्हय म्हाराजा" म्हणालं. आई झोपली होती.

१६ नोव्हेंबर
आईचा ताप उतरला. पेज मागून प्यायली. देवा, उतरला.
मला थंडी. बोट काळंनिळं—

संध्याकाळ
खोलीला आतून कडी घातलीय. आई बाहेर हाका मारतेय, दार उघड गं गंधाली, एकटी काय करतेस आत?
एकटी नाही गं. गादी पायाशी दबलीय, आणि आता हळूहळू वर—